एअर रायफल, महिना नववा: छर्रे तोलून झाले

जूनमध्ये पहिल्यांदा पूर्ण ६० शॉट मारले तेव्हा ५२१ आले होते, आता सरावात ५८२-५८५ च्या मध्ये येतायत, आणि गेले तीन महिने तिथेच अडकलेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. वय ४१, नोकरी नाशिकच्या अंबडला क्वालिटीमध्ये, दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज, त्यामुळे स्कोअर अडकला की माझा पहिला संशय मालावर जातो, माणसावर नाही. सौ. म्हणते घरात पण तुझं असंच असतं.

खरं सांगायचं तर या नादाला लागलो ते यूट्यूबवर बाहेरच्या देशातल्या लोकांना बघून. हजार मीटरवर लोखंडी प्लेट वाजवतात आणि काडतुसं घरी स्वतः भरतात, पावडर तोलून, गोळी किती आत बसवायची ते मोजून, काडतुसाच्या वापरलेल्या पितळी नळ्या परत मापात आणून. क्वालिटीवाल्या माणसाला हे बघून तोंडाला पाणी सुटणारच. पण आपल्याकडे विनापरवाना काडतूस बनवणं म्हणजे थेट शस्त्र कायदा, त्यात गंमत करायला जागा नाही, कुणी तसं सुचवलं तर त्याच्यापासून लांब राहा. एअर रायफलचं मात्र बरं आहे, .१७७ बोअर (म्हणजे नळीचं भोक, साधारण ४.५ मिमी) आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. मग ठरवलं की पावडर नाही तर नाही, छर्रा तर आपल्या हातात आहे, तोच तोलू.

नवीन कुणी वाचत असेल तर थोडक्यात. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिमी, पुढून सपाट. दहाच्या रिंगचा ठिपका फक्त अर्धा मिमी, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा. ६० शॉट ७५ मिनिटांत, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साईटर, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सरावाचे शॉट. स्कोअर दशांशात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, आणि प्रत्येक दशांश म्हणजे मध्यापासून पाव मिमी. हा पाव मिमी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर काटा. सराफ बाजारात एक मित्र आहे, त्याच्याकडचा जुना काटा आणला, एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. तो म्हणाला, "भावा, सोनं सोडून शिसं तोलायला माझा काटा नेणारा तू पहिलाच." डबीत ५०० छर्रे असतात, छापील वजन ०.५३ ग्रॅम. रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर बसलो, चिमट्याने एकेक उचल, काट्यावर ठेव, आकडा स्थिर व्हायची वाट बघ, मग डबीत टाक. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर शेवटचा आकडा नाचतो. आई बाहेर आली, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, तांदूळ निवडतोयस का? दोन रात्री गेल्या. बहुतेक छर्रे ०.५२७ ते ०.५३३ मध्ये, एक-दोन तर स्कर्ट (छर्‍याची मागची पोकळ कड) चेपलेले, ते डोळ्यानेच कळले असते. औषधांच्या रिकाम्या डब्यांमध्ये भरून वर स्केचपेनने आकडे टाकले. आणि हो, शिसं आहे ते, दुसऱ्या रात्री मी मधेच चिवड्यात हात घातला आणि सौ.ने जो काही उद्धार केला तो योग्यच होता. तेव्हापासून जुनं वर्तमानपत्र अंथरून गॅलरीत बसतो आणि नंतर साबणाने हात धुतो, तुम्ही पण धुवा.

फरक? शून्य. निवडलेल्या छर्‍यांनी ५८३.४, डबीतून तसेच घेतलेल्यांनी ५८४.१.

मग कँटीनमध्ये जेवताना इन्स्पेक्शन रिपोर्टच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला, जो खरं तर काटा आणायच्या आधी मांडायला हवा होता. छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद जातो धरा, म्हणजे १० मीटरला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो, तेवढ्या वेळात तो जवळजवळ १८ मिमी खाली येतो, साईट ते सांभाळून घेते. आता वजन एक टक्का जास्त असेल, म्हणजे ५ मिलिग्रॅम, तर वेग अंदाजे अर्धा टक्का कमी, मग खाली येणं एक टक्का जास्त. १८ मिमीचा एक टक्का म्हणजे ०.१८ मिमी. एक दशांश पाव मिमीचा, आणि माझी दोन रात्रींची मेहनत त्याच्याही आत बसली. उलट माझी सरासरी ९.७, म्हणजे माझा छर्रा मध्यापासून तीन मिमी लांब पडतोय. तीन मिमीची चूक शोधायला मी ०.१८ मिमीच्या मागे लागलो होतो. कंपनीत एखाद्या ट्रेनीने असं केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो ते इथे लिहीत नाही.

तरी खुमखुमी गेली नव्हतीच. टूलरूममधल्या दोस्ताने भंगार प्लेटमधून एक क्लॅम्प करून दिला, आत रबर लावून, आणि रेंजवरच्या कोच सरांची परवानगी काढून एका रविवारी सकाळी रायफल त्यात आवळली. तीन डब्या, प्रत्येकीचे दहा-दहा शॉट एकाच जागी. ४.५० हेडच्या (हेड म्हणजे छर्‍याच्या पुढच्या भागाचा व्यास, मिमीमध्ये) डबीचं भोक बाहेरून बाहेर ५.६ मिमी, ४.४९ वाल्याचं ६.१, आणि सुरुवातीला स्वस्त म्हणून घेतलेल्या डबीचं सरळ ९. छर्राच साडेचारचा आहे हे धरलं तर पहिल्या डबीतले दहाच्या दहा छर्रे एक मिमीच्या आसपास पडले. हे करण्यासारखं आहे, वजन करण्यापेक्षा शंभर पटीने. पण डबीवरचा लॉट नंबर बघा, तेच नाव तेच हेड असलं तरी लॉट बदलला की परत टेस्ट करायची, आणि आवडला तर त्याच लॉटच्या चार-पाच डब्या एकदम उचलायच्या. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशर पण बघून घेतलं, २०० बारपासून खाली येईपर्यंत ग्रुप (सगळ्या शॉटचा पुंजका) हलला नाही, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आपलं काम करतोय. मग तीच रायफल, तोच ४.५० चा छर्रा, फक्त क्लॅम्पच्या जागी मी. दहा शॉटचं भोक १४ मिमी.

सरांना दोन्ही कागद दाखवले. सर नेहमीप्रमाणे शांत, म्हणाले, "अहो, मशीन पास झालं. आता ऑपरेटरचं बघायचं का?"

ऑपरेटरचं बघायला वेळ कुठे मिळतो हा वेगळाच विषय. स्वप्निल कुसाळे, मूळचा कोल्हापूरकडचा पण नेमबाजीचे सुरुवातीचे दिवस नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतले, २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकमधलं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेऊन आला आणि तेव्हापासून आमच्या छोट्या रेंजवर संध्याकाळी मुलामुलींचीच गर्दी असते. चांगलंच आहे, पण मी ड्युटी सुटून, इंदिरानगरच्या बोगद्यातलं ट्रॅफिक पार करून, गंगापूर रोडला पोचेपर्यंत लेन भरलेल्या. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस घरीच ड्राय फायर. छर्रा नाही, रिकामी रायफल, समोर पांढरी भिंत, टार्गेट पण नाही. भिंतीवर बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे ट्रिगर सुटताना फोरसाईट (नळीच्या टोकावरची रिंग) कुठे उडी मारते ते स्वच्छ दिसतं. माझी डावीकडे खाली उडी मारते, कारण शॉट सुटायच्या क्षणी मी कुठे लागला ते बघायला मान उचलतो. छर्रा अजून नळीतच असतो आणि माझी मान निघालेली असते.

बाजूच्या लेनवर एक नववीतली मुलगी असते, ६१५ च्या आसपास मारते. तिने एकदा न विचारताच सांगितलं, "काका, तुम्ही रायफल ढकलून मध्ये आणताय. डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा, जिथे दिसेल तिथून पाय सरकवा." सर हेच जूनपासून सांगत होते, पण मला ते तिच्याकडून ऐकल्यावर समजलं, काय करणार.

आणि मागच्या महिन्यात क्लबची अंतर्गत स्पर्धा झाली, माझी पहिलीच. थंडी होती म्हणून नेमबाजीचं जाड जॅकेट तरी सुसह्य, मे महिन्यात त्या कॅनव्हासमध्ये काय होणार देव जाणे. ३८ व्या शॉटपर्यंत सगळं छान, सरासरी ९.८ च्या वर. मग कंबर धरली, रायफल स्टँडवर ठेवली, दोन मिनिटं पाय मोकळे केले आणि परत उभा राहिलो. डोळे मिटून बघणं वगैरे काही नाही, गाल टेकवला, टार्गेटचं काळं वर्तुळ फोरसाईटच्या रिंगमध्ये छान बसलं, असा स्थिर होल्ड त्या दिवसात आला नव्हता. शॉट सुटला, मान पण नाही उचलली. माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. मी परत बघतोय, अरे मशीन बंद पडलं का काय. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सर, माझ्या टार्गेटवर एक शॉट जास्त दिसतोय." तीच मुलगी. १०.४. तिचा तो शॉट अधिकाऱ्यांनी वगळला, माझ्या नावावर शून्य. शेवटी ५७२.६.

तो छर्रा ०.५३० च्या डबीतला होता, स्पर्धेसाठी खास राखून ठेवलेला.

काटा परत देऊन आलोय. ४.५० च्या त्याच लॉटच्या तीन डब्या मिळाल्यात, चौथी बघतोय. वहीत आता वजनाचा रकाना खोडून तिथे "मान" असं लिहिलंय, शॉटनंतर तीन सेकंद गाल जागेवर राहिला तर टिक, नाहीतर फुली. काल साठात २३ टिक. आणि लेनचा नंबर मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून स्टँडला चिकटवलाय, हसा खुशाल.