नळ्यांचा प्राणी आणि तेरा आकडे

थिओ यान्सन यांचे किनाऱ्यावर वाऱ्याच्या जोरावर चालणारे नळ्यांचे प्राणी पाहताना नजर आधी फडफडणाऱ्या शिडांवर जाते. ती गुडघ्यांवर आणा. खरं शिल्प तिथे आहे.

साहित्य म्हणजे घराच्या वायरिंगची पिवळसर पीव्हीसी नळी. हलकी, तापवली की वाकते, निवली की वाकलेली राहते. डेल्फ्टला भौतिकशास्त्र शिकलेल्या या डच शिल्पकाराने १९९० मध्ये नळी धरली ती धरलीच. तंगडी, बरगडी, पंप, सगळं त्याच नळीतून निघायला हवं, हा त्यांचा हट्ट. प्राण्यांची घडण हुबेहूब जिवंत वाटते ती त्यामुळेच. हाडाला तरी दुसरं साहित्य कुठे मिळतं?

पायाची मापं त्यांनी संगणकाकडून निवडून घेतली. कुठल्याही लांबीच्या दांड्यांचे १५०० पाय, त्यांतले चांगले चालणारे १००, त्यांच्या मिश्रणातून पुन्हा १५००. असं कित्येक आठवडे. शेवटी तेरा आकडे उरले.

कार्डबोर्डवर करून बघायचं असेल तर एक एकक २ मिलिमीटर धरा. क्रँकचा, म्हणजे आसाभोवती फिरणाऱ्या दांडीचा, हात १५. क्रँकच्या आसापासून ३८ बाजूला आणि ७.८ खाली एक पक्का खिळा. वरच्या त्रिकोणाच्या बाजू ४१.५, ४०.१ आणि ५५.८, पहिल्या दोन मिळतात तो कोपरा या खिळ्यावर. क्रँकच्या टोकापासून ५० ची दांडी ४१.५ च्या दुसऱ्या टोकाला जाते. क्रँकच्याच टोकापासून ६१.९ ची दुसरी दांडी खाली येते आणि खिळ्यावरून आलेल्या ३९.३ च्या दांडीला मिळते. हा सांधा म्हणजे खालच्या त्रिकोणाचा एक कोपरा. दुसरा कोपरा इथून ३६.७ अंतरावर, आणि तो वरच्या त्रिकोणाच्या मोकळ्या कोपऱ्याला ३९.४ च्या दांडीने टांगलेला. पाऊल या दोन कोपऱ्यांपासून अनुक्रमे ४९ आणि ६५.७ अंतरावर.

बिघडतं बहुतेक एकाच कारणाने: माप पट्टीच्या कडेपासून घेतलं जातं. ते छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंतच हवं. छिद्र सैल असेल तर प्रत्येक सांध्याचा थोडा थोडा खुळखुळाट पावलापर्यंत साचतो आणि पाऊल जमिनीवर घासतं. त्रिकोण तीन पट्ट्यांचे न करता अख्खे कापा, म्हणजे पिळवटणार नाहीत. दांड्या एकमेकींना अडत असतील तर मध्ये वॉशर घाला. आणि जोडताना खालचा त्रिकोण उलटा पडला तर गुडघा भलतीकडे मोडतो. मापं बरोबर असूनही.

नीट जमलं की पावलाच्या वाटेचा तळ जवळजवळ सपाट येतो. त्यामुळे धड वरखाली हिंदकळत नाही, आणि दर पावलाला ते उचलण्यात वाऱ्याचा जोर वाया जात नाही. पण एका पायावर काही उभं राहत नाही. एका क्रँकला समोरासमोर दोन पाय, आणि अशा तीन जोड्या १२० अंशांच्या फरकाने, एवढं किमान लागतं.

नंतरच्या प्राण्यांच्या पोटात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. शिडं हलून त्यांत हवा दाबून भरतात, ती वारा पडल्यावर कामी येते. जमिनीलगत एक नळी सतत हवा ओढत असते. तिच्यात पाणी शिरलं की ओढ जड होते आणि प्राणी समुद्राकडे पाठ फिरवतो.