पायांवर पिसं, स्वभावानं गरीब

ब्रह्मा, कोचीन, सिल्की, फावरोल या पायांवर पिसं असणाऱ्या कोंबड्यांच्या जाती. यातलं कुठलंही नाव काढलं की पाठोपाठ "एकदम गरीब कोंबडी, पोरांच्या मांडीवर बसते" हे ऐकायला मिळतंच. ते खरंही आहे. अडचण वेगळीच आहे. लेगहॉर्नसारख्या चपळ जातीच्या कोंबडीला काही खुपलं तर ती खुराडं डोक्यावर घेते. कोचीन कोपऱ्यात गप्प बसते, आणि ती एरवीही कोपऱ्यात गप्पच बसलेली असते. त्यात पोटापासून बोटांपर्यंत पिसांचा एवढा गराडा, की जखम, उवा, हडकलेली छाती यातलं काहीच वरून दिसत नाही. म्हणून या जाती नुसत्या नजरेनं पाळता येत नाहीत, हातानं पाळाव्या लागतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्षी उचलून पाय, तळवे, शेपटीखालचा भाग आणि छातीचं हाड चाचपायचं. त्या गरीब असल्यामुळे हे काम सोपं जातं, एवढा त्यांच्या स्वभावाचा फायदा घ्यावाच.

सगळ्या एका माळेतल्या मात्र नाहीत. ब्रह्मा शांत असते, पण तिचा आकारच असा की तिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. अमेरिकन मानकात ब्रह्मा कोंबडा साधारण ५.४ किलोचा आणि कोंबडी ४.३ किलोची धरतात. कोचीन थोडी हलकी, पण फुललेल्या पिसांमुळे दिसते तेवढीच मोठी, आणि आळशीपणात तिचा हात कोणी धरणार नाही. या दोन्हींचं मूळ १८४० च्या दशकापासून चीनमधून पश्चिमेकडे गेलेल्या मोठ्या कोंबड्यांत आहे. लँगशान उंच, चपळ आणि जरा सावध. फ्रान्सची फावरोल बडबडी, चौकस, गालावर दाढी आणि पायाला पाच बोटं. चार जातींच्या कळपात सगळ्यात आधी मार खाणारी बहुधा हीच. सिल्कीलाही पाच बोटं असतात. तिच्या पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकणारे आकडे नसल्यानं पिसं केसांसारखी सुटी राहतात आणि पावसाचं पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं. इतर कोंबड्या पावसात भिजून झटकून मोकळ्या होतात, सिल्की गारठते. तिला पुसून, कोमट हवेनं आतपर्यंत वाळवावंच लागतं.

पायावरची पिसं ही नुसती शोभा नाही. पंख घडवण्याशी संबंधित असलेलं टीबीएक्स५ हे जनुक या पक्ष्यांत पायातही जागं होतं, त्यामुळे खवल्यांबरोबर खरीखुरी, दांडा असलेली पिसं उगवतात. ब्रह्मा आणि कोचीनमध्ये ती नडगीच्या बाहेरच्या अंगानं उतरून बाहेरच्या आणि मधल्या बोटावर जातात, लँगशान व फावरोलमध्ये मुख्यतः बाहेरच्या बोटावर. ही पिसं उगवत असताना दांड्यात रक्त असतं. असं कोवळं पीस मोडलं की भळाभळा रक्त येतं. स्वच्छ कापडानं ३ ते ५ मिनिटं सलग दाबून धरायचं, वर चिमूटभर मक्याचं पीठ लावलं की चालतं. मोडलेलं पीस उपटण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण रक्त थांबलं असेल तर त्याला हात न लावणंच बरं.

याच कोवळ्या पिसांवर पहिलं संकट ब्रूडरमध्येच, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीतच येतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांच्या बोटांवर निळसर कोंब दिसू लागतात आणि शेजारची पिल्लं ते टोचायला लागतात. एकदा रक्त दिसलं की थांबत नाहीत. कारणं ठरलेली: जागा कमी, दिवा फार प्रखर, उष्णता जास्त, खाद्यात प्रथिनं कमी. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लामागे निदान १ चौरस फूट जागा हवी, खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं हवीत आणि उबेसाठी झगझगीत पांढऱ्या दिव्याऐवजी मंद लाल दिवा किंवा उबेची पाटी. जखमी पिल्लू लगेच वेगळं करायचं, शक्य तर एका शांत जोडीदारासह. खपली पूर्ण वाळेपर्यंत परत सोडायचं नाही.

आता चिखल. या जातींच्या देखभालीतलं निम्मं काम इथेच आहे. ओली माती आणि विष्ठा बोटांच्या पिसांत अडकते, वाळते, त्यावर पुढचा थर बसतो आणि काही दिवसांत नखाभोवती दगडासारखा गोळा तयार होतो. तो आवळत गेला की बोटाचा रक्तपुरवठा कमी होतो. गोळा ओढून काढला तर नखाचं टोपण निघून येतं आणि मग रक्त, सूज, लंगडणं.

काढायची रीत अशी. टबात ३८ अंशांच्या आसपासचं पाणी, नडगी बुडेल एवढंच, त्यात थोडा सौम्य साबण. कोंबडीला १० ते १५ मिनिटं उभी करायची. बहुतेक कोचीन या वेळात डुलकी काढतात. मग अंगठा आणि तर्जनीनं गोळ्याच्या कडा चुरत यायचं, मधोमध दाबायचं नाही. सुटत नसेल तर पाणी बदलून पुन्हा भिजवायचं. शेवटी पिसांच्या वाढीच्या दिशेनं बोटं फिरवून माती धुवायची, टॉवेलनं टिपायचं आणि ड्रायरच्या मंद हवेनं बोटांच्या बेचक्यांपर्यंत वाळवायचं. बेचक्यात ओल राहिली की कातडी लाल होते. दरवेळी नख पायाशी घट्ट आहे ना, ते हलवून बघायचं.

धुण्यापेक्षा चिखल होऊ न देणं स्वस्त पडतं. पाय सगळ्यात जास्त दोनच ठिकाणी भरतात: पाण्याच्या भांड्याभोवती आणि खुराड्याच्या दाराशी. भांड्याखाली सुमारे १ मीटर चौरस लाकडी चौकट, वर जाळी, खाली खडी. पसरट भांड्याऐवजी पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला निपल (चोचीनं ढकललं की थेंब देणाऱ्या तोट्या) लावले तर पाय कोरडे राहतात आणि फावरोलची दाढीही भिजत नाही. दाराबाहेर १० सेंटीमीटर खडी आणि त्यावर लाकडाचे जाड तुकडे. आत कोरड्या भुशाची १० ते १५ सेंटीमीटरची गादी. लांब काड्यांचं गवत नको. ते बोटांच्या पिसांत गुंततं आणि दोऱ्यासारखं आवळतं.

खवल्यांत शिरणारा माइट हा बारीक किडा दुसरा छुपा शत्रू. शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टिस म्युटन्स. तो खवल्याखाली बीळ करतो, खवला उचलला जातो आणि खाली राखाडी-पांढरी खरपुडी जमते. उघड्या पायाच्या कोंबडीत हे लांबून दिसतं. ब्रह्मामध्ये पिसं बाजूला सारून, नडगीच्या पुढच्या अंगावर उजेड पाडून बघावं लागतं. उपचार सोपा पण चिकाटीचा आहे. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून मऊ दात-घासणीनं खवल्यांच्या दिशेनं हलकं घासायचं, वाळवायचं, मग व्हॅसलीन बोटानं खवल्यांच्या फटींत भरायचं. दर २-३ दिवसांनी, निदान ३ ते ४ आठवडे. व्हॅसलीनमुळे किड्याला श्वास घेता येत नाही, म्हणून मध्येच खंड पडला तर वाचलेले पुन्हा वाढतात. पिसांना माखलं तर त्यावर भुसा चिकटून नवा गोळा होतो, तेव्हा पिसं वेगळी करून फक्त कातडीलाच लावायचं. खरपुडी खरवडायची नाही. रॉकेल किंवा डिझेल लावण्याचा जुना उपाय कातडी भाजतो, तो सोडून द्यावा. फार वाढलेलं असेल तर आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध, पण पशुवैद्याकडून मात्रा ठरवून आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारूनच. कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर तेलकट काही लावूच नये, कवचाची छिद्रं बुजली की आतला जीव गुदमरतो.

शेपटीखालच्या दाट पिसांत उवा आणि माइट मजेत राहतात. पिसाच्या दांड्याच्या मुळाशी पांढरे गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी. पिसं काळपट, तेलकट वाटली तर माइटचा संशय घ्यावा. उवा मारायची कुठलीही पावडर त्यांची अंडी मारत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. इथली पिसं २-३ सेंटीमीटर कातरून ठेवली की विष्ठा चिकटत नाही, औषध आत पोचतं आणि अंडी फलित होण्याचं प्रमाणही सुधारतं. कोचीनच्या जोडीत अंडी सतत वांझ निघत असतील तर कोंबड्याला दोष देण्याआधी दोघांचीही ही पिसं कातरा.

वजनदार अंग आणि उंच दांडी यांचं जमत नाही. रात्री बसायची दांडी ३० ते ४५ सेंटीमीटर उंच, ८ ते १० सेंटीमीटर रुंद, सपाट आणि कडा घासलेली हवी. उंचावरून रोज धपकन उतरणाऱ्या ब्रह्माच्या तळव्याला बारीक इजा होते, त्यात जंतू शिरतात आणि काळ्या खपलीचा गळू होतो. तळवा उलटा करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, कारण ती लंगडतेय की नेहमीसारखी डुलतेय यातला फरक फार उशिरा लक्षात येतो. खपली लहान असेल तर पाय स्वच्छ ठेवून, मऊ गादीवर ठेवून सुधारतं. सूज गरम लागत असेल तर पशुवैद्य. सिल्की सहसा दांडीवर चढतच नाहीत, जमिनीवर ढीग करून झोपतात. त्यांचा कोपरा रोज कोरडा हवा. अंडी घालायची पेटी मोठ्या जातींना ३५ ते ४० सेंटीमीटर चौरस आणि पुढची पट्टी बुटकी.

खाद्याबाबत एक चूक सर्रास होते. पिशवीवर लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) १८ व्या आठवड्यापासून द्या असं लिहिलेलं असतं. ते संकरित कोंबड्यांसाठी. ब्रह्मा, कोचीन पुष्कळदा ७ ते ८ महिन्यांच्या झाल्यावर पहिलं अंडं देतात. साडेतीन ते चार टक्के कॅल्शियमचं खाद्य त्यांना दोन-तीन महिने आधीपासून दिलं तर मूत्रपिंडावर ताण पडतो. पहिलं अंडं येईपर्यंत १५-१६ टक्के प्रथिनांचं वाढीचं खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. पिल्लांना भराभर वाढवण्याची घाईही नको, पाय वाकतात. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १३० ते १६० ग्रॅम खाते. त्यापलीकडचं धान्य, उष्टं, खाऊ मिळून दहा टक्क्यांच्या आत ठेवावं, कोचीन चटकन चरबी धरते. पिसं गाळायच्या दिवसांत मात्र प्रथिनं १८ ते २० टक्क्यांवर न्यावीत, कारण पीस बहुतांशी प्रथिनाचंच बनतं आणि यांना पायांचीही पिसं नव्यानं विणायची असतात.

मिश्र कळपात खाद्याची भांडी दोन तरी हवीत, एकमेकांपासून २ मीटर लांब आणि मध्ये काहीतरी आडोसा. एका भांड्यावर ऱ्होड आयलंड रेडसारखी दांडगी कोंबडी उभी राहिली की फावरोल भांडत बसत नाही, सरळ निघून जाते. संध्याकाळी खुराड्यात शिरताना गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपून बघा. भरलेली, टणकसर लागली पाहिजे. दोन-तीन संध्याकाळी ओळीनं रिकामी लागली तर ती उपाशी राहतेय, किंवा आजारी आहे. सिल्कीच्या बाबतीत आणखी एक धोका: डोक्यावर पिसांचा तुरा असलेल्या बहुतेक सिल्कींची कवटी वरून घुमटासारखी उंचावलेली असते आणि तिथे हाड पूर्ण भरलेलं नसतं. डोक्यावर बसलेली एक जोराची चोच जिवावर बेतू शकते. त्यांना आपसांत ठेवणंच उत्तम. डोळ्यांवर येणारी तुऱ्याची पिसं गोल टोकाच्या कात्रीनं कापा, तिला दिसायला लागलं की तिचं दचकणंही कमी होतं. सिल्की मॅरेक्स या विषाणूच्या आजारालाही सहज बळी पडते, म्हणून पहिल्याच दिवशी लस टोचलेली पिल्लं मागून घ्यावीत.

उन्हाचा त्रास यांना थंडीपेक्षा जास्त. ३० अंशांपुढे चोच उघडी, पंख अंगापासून सुटे दिसले की सावली, वारा आणि गार पाणी. खाद्य सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पाय गार करायला चिखल करू नका, ओली फरशी पुरते. कडाक्याच्या थंडीत पिसं कोरडी असतील तर काळजी नाही, ओली पिसं गोठली तर बोटं जातात. आतली ओल निघून जावी म्हणून दांडीच्या वर, छताजवळ हवा खेळती हवी.

सिल्की आणि कोचीन वरचेवर खुडूक होतात. सिल्कीखाली मोठी अंडी ५ ते ७, कोचीनखाली १० ते १२ पुरेत. २१ दिवस रोज एकदा उचलून खायला-प्यायला लावा, काहींना उठायचंच सुचत नाही. कोचीनच्या पायपिसांत अंडं अडकून बाहेर ओढलं जातं आणि नुकतं निघालेलं पिल्लू तुडवलंही जातं, म्हणून पेटी सपाट, जमिनीवर आणि उथळ. उबवायचं नसेल तर तिला ३-४ दिवस जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात, गादीशिवाय ठेवा. पोटाखालून हवा लागली की उतरते.

कोंबड्याविषयी एवढंच: जात गरीब म्हणून प्रत्येक कोंबडा गरीब निघतोच असं नाही, आणि पाच किलोचा चिडलेला ब्रह्मा लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीला येतो. फिक्या तांबूस रंगाच्या फावरोलमध्ये नर-मादी काही आठवड्यांतच पिसांच्या रंगावरून ओळखू येतात. सिल्कीत मात्र पाच-सहा महिनेही लागतात, कधी पहिली बांग किंवा पहिलं अंडं येईपर्यंत. ज्यांच्याकडे कोंबडा ठेवायची सोय नाही त्यांनी सिल्कीची पिल्लं घेण्याऐवजी अंड्यावर आलेल्या तलंगाच घ्याव्यात, आणि एकटी न घेता निदान तीन.