केजन ताटाची डावी बाजू

पुण्याहून भाचा ह्यूस्टनला आला की त्याला पहिली हुक्की येते ती केजन पोटॅटोची. "मावशी, लुईझियाना इथून जवळच ना? मग तिथं ओरिजनल मिळत असतील!" बुफेतले ते तळलेले बारके बटाटे, वर केशरी मेयोनीज आणि भुरभुरलेला कांदा. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू? पण लुईझियानातल्या लाफायेतला जाऊन ते मागितले, तर वाढणारी बाई बुचकळ्यात पडेल. तिच्याकडचा बटाटा उकडून, जरासा मोडून, अंडं, मेयोनीज आणि मोहरीची पिवळी पेस्ट घालून सॅलड झालेला असतो. आणि हे गार सॅलड कित्येक घरांत थेट वाफाळत्या गम्बोच्या, म्हणजे भाताबरोबर खायच्या दाट रश्श्याच्या, वाडग्यात पडतं. ऐकून नाक मुरडावंसं वाटतं. कालवून खाल्लं की मुरडलेलं नाक सरळ होतं.

केजन म्हणजे तिखटजाळ, ही समजूत कुठून आली याचा थोडा माग लागतो. लुईझियानातल्या ओपेलूससकडचे, १३ भावंडांतले सगळ्यांत धाकटे आचारी पॉल प्रुधोम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला हॉटेल काढलं. मसाल्यात घोळवून, बिडाच्या तापल्या तव्यावर काळा केलेला त्यांचा रेडफिश इतका गाजला की लोकांना केजन म्हटलं की तो मसालाच आठवू लागला. मासा फर्मास असेलही. घरचा स्वयंपाक मात्र मसाल्याच्या डबीवर चालत नाही. तो चालतो कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या त्रिकुटावर. कॅथलिक माणसं, त्यामुळे या तिघांना ती 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रयी, म्हणतात. हे बारीक चिरून मंद आचेवर परतत राहायचं. तिखट असतं, पण मागच्या रांगेत.

या केजन माणसांचे पूर्वज कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशियातले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं. कुठं कुठं भटकून त्यातले काही १७६० च्या दशकात लुईझियानाच्या दलदलीत पोचले. हातात गव्हाची सवय आणि पायाखाली गहू न पिकणारी जमीन! मग मूळच्या आदिवासींकडून मका आला, गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांकडून भेंडी आली, आणि पुढं भाताची शेती तर इतकी फोफावली की क्राउली गाव स्वतःला तांदळाची राजधानी म्हणवतं. गम्बोचा आणि जांबालाया नावाच्या मसालेभाताचा दिमाख मोठा, पण मला विचाराल तर हा सगळा इतिहास नीट दिसतो तो ताटाच्या डाव्या बाजूला.

मका घ्या. 'माक शू' नावाचा प्रकार आहे, अगदी नवशिक्यालाही जमेल असा. दाणे सुरीनं कापून काढायचे, ते मुळापर्यंत नाही, वरवर. मग सुरी उलटी धरून तिच्या पाठीनं बुरकुंड वरून खाली ओरबाडायचं. दाण्यांच्या तळाशी राहिलेलं दाट, पांढरट दूध ताटलीत गळतं. सगळी गंमत त्या दुधात आहे, म्हणून डब्यातला मका इथं बिनकामाचा. लोण्यावर त्रिकूट परतायचं, एक टोमॅटो, मग मका आणि ते दूध. पंधरा-वीस मिनिटांत ते आपसूक दाटतं. क्रीम घालणारे घालतात. कणसं कोवळी असतील तर मी घालत नाही.

'डर्टी राइस' नावाला मळकट आणि चवीला राजस. कोंबडीवाल्याकडून आणलेला कलेजी-पेठा अगदी बारीक चिरून, खरपूस होईतो भाजायचा, त्यात त्रिकूट आणि मोकळा शिजवलेला भात. कलेजीनं भात तपकिरी होतो, म्हणून ते नाव. कलेजीचा वास नको असेल तर निम्मा खिमा घ्यावा. मात्र कलेजी पूर्ण गाळलीत तर तो खिमाभात झाला, मग उगाच लुईझियानाला मध्ये आणू नये.

भेंडीशी मात्र माझं जरा भांडण झालं. आपण धुऊन, पुसून, कोरडी करून, झाकण न ठेवता परततो, कशासाठी? तर तार सुटू नये म्हणून. हे लोक चकत्या करून, कांदा-टोमॅटो घालून, तास-दीड तास शिजू देतात. आधी अशी तार सुटते की गॅस बंद करून मोकळं व्हावंसं वाटतं. तिथं थांबायचं नाही. ढवळत राहिलं की ती हळूहळू आटते, हिरवा रंग जातो आणि उरतो एक मऊ, आंबटगोड, खाकी गोळा. दिसायला काही खास नाही, भाताबरोबर मात्र लाजवाब. एवढंच सांभाळा की भांडं बिडाचं नको, भेंडी काळी पडते. आणि करायचीच तर किलोभर करा. तिकडे उन्हाळ्यात अशी भेंडी डबे भरभरून फ्रीजरमध्ये टाकतात आणि हिवाळ्यात गम्बो चढला की एकेक डबा बाहेर काढतात.