जायकवाडीच्या काठावर केरळची शर्यत

संभाजीनगरहून पैठणला निघालं की बिडकीन, ढोरकीन मागे पडेपर्यंत पाण्याचा मागमूस नसतो. दोन्ही अंगाला कपाशी, तूर आणि धूळ. अशा मुलखात एवढा जलाशय असेल यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि गावंच्या गावं पोटात घेऊन नाथसागर पसरला.

पैठणला आलेला माणूस आधी नाथांच्या समाधीला जातो. मी आधी बॅकवॉटरच्या काठाला गेलो, कारण मला चप्पू बघायचे होते. थर्माकोलचे ठोकळे जुन्या जाळ्यात आवळून बांधायचे, वर उकिडवं बसायचं आणि दोन हातांत फळीचे दोन तुकडे घेऊन पाणी मागे सारायचं. झाली नाव. जाळं सोडवत बसलेल्या एका मामांना मी मोबाईलवर केरळातल्या अलप्पुळाच्या नावांच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. मी स्वतः तिथल्या काठावर गर्दीत उभं राहून काढलेला, त्यामुळे निम्मा हललेला.

"एका नावंत इतकी मानसं?" मामांनी फोनच हातात घेतला.

शंभराच्या आसपास, म्हटलं. चुंडन वल्लम म्हणतात त्या नावेला. लांबी शंभर फुटांच्या वर, मागचं टोक फणा काढल्यासारखं उभं. वल्हवणारे दोन रांगांत, सुकाणूवाले मागे उभे, आणि मधल्या ओट्यावर काही जण जाड दांडक्यांनी ठोका देतात. त्या ठोक्यावर शंभर वल्ही एकदम पाण्यात पडतात. मामा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघत होते. दर आषाढीला ते नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जातात. म्हणाले, "हे तर दिंडीचं काम हाय. पखवाज हुकला की समद्यांचे पाय हुकले."

मी वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा मला हे नेमकं वाटलं.

१९५२ मध्ये नेहरू अलप्पुळाला गेले होते. त्यांच्यासाठी शर्यत लावली, तर ते उत्साहाच्या भरात जिंकलेल्या नावेत जाऊन चढले. दिल्लीहून मग त्यांनी नावेच्या आकाराची चांदीची ट्रॉफी पाठवली. पुन्नमडा तलावावरच्या शर्यतीला आज त्यांचंच नाव आहे. मामांना यात फारसा रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता: नाव कोणाची? गावाची, म्हटलं. वर्गणी गावाची, हरली तर तोंड लपवायची वेळही गावावरच. "म्हंजे शंकरपटातल्या बैलजोडीवानी," मामा म्हणाले. नाव पाण्यातून सळसळत जावी म्हणून तिला माशाचं तेल, नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंडी यांचं मिश्रण चोपडतात, हे ऐकून मात्र ते खळखळून हसले. "आमच्या चप्पूला काय लावावं, फेविकॉल?"

हसण्यासारखंच आहे, पण पुरतं नाही. याच पाण्यापलीकडे गंगापूर तालुक्यातल्या भिव धनोऱ्याची पोरं असल्याच थर्माकोलवर बसून शाळेला जात होती आणि तो विषय थेट खंडपीठापर्यंत गेला. अलप्पुळाकडच्या कुट्टनाडात समुद्रसपाटीच्या खाली भातशेती होते, तिथे पाणी उंबऱ्यापाशीच असतं, म्हणून तिथे नाव हा घरातला माणूस. आपल्याकडे धरण आलं, पण पाण्यावर वावरायची सवय भोई समाजाबाहेर फारशी कोणाला लागली नाही.

नाथषष्ठीला इथे वारकऱ्यांची एवढी गर्दी लोटते, तेव्हाच नाथसागरावर एखादी शर्यत लावली तर? मी सहज बोललो. मामांनी आधी हिशेब केला. फाल्गुनात पाणी किती उरलेलं असतं, सांगता येत नाही.

"बरं, तिकडं कवा असती ही शर्यत?"

"बहुतेक ऑगस्टमध्ये. आधी दुसरा शनिवार ठरलेला असायचा."

"मंग आधी नाशिकवाल्यांना इचारा," मामा जाळं खांद्यावर टाकत म्हणाले, "पानी सोडनार का म्हनावं."