तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांची कुळं कशाला शोधता?

पुण्याहून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "काका, स्वतःची वंशावळ सोडून या अमेरिकनांच्या खापरपणज्यांशी तुम्हाला काय करायचंय?"

निवृत्तीनंतर वेळ जाईना, हे खरं कारण. न्यू जर्सीत मॉन्मथ काउंटीत राहतो. जवळच्या वाचनालयात शनिवारी लोकांना जुनी दप्तरं वाचायला मदत करतो. पण गोडी लागली ती एका कॉनोव्हर आजोबांमुळे.

त्यांनी ठासून सांगितलं की, आडनाव मूळचं लांबलचक होतं, एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यू यॉर्क बंदरातल्या परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावरच्या, कारकुनानं ते कापलं. ही गोष्ट इथे घरटी ऐकू येते. एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये, आणि तिथले कारकून नावं बदलत नसत, बोटीवरून आलेल्या यादीशी ताडून बघत. कॉनोव्हर तर त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून इथे नांगर धरून होते.

आजोबा १७०० च्या आसपास अडले होते. त्यामागे एकही कॉनोव्हर सापडेना. सापडणार कसा? मूळपुरुष १६२५ मध्ये न्यू नेदरलँडला, म्हणजे इथल्या डच वसाहतीत आला तो वुल्फर्ट गेरिट्से, म्हणजे गेरिटचा मुलगा वुल्फर्ट. त्याचा मुलगा गेरिट वुल्फर्ट्से, त्याचा विलेम गेरिट्से. संगणकाला ती वेगवेगळी घराणी वाटतात. बापाचं नाव मध्ये लावून वाढलेल्या माझ्यासारख्याला त्यात कसलं कोडं? नातवाला आजोबाचं नाव, तेही ओळखीचंच. कधीमधी पुढे 'व्हान कौवेनहोवन' असतं. कौवेनहोवन ही नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टजवळची शेतवाडी. थोडक्यात, हे कौवेनहोवनकर!

१६६४ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली. हळूहळू बापाचं नाव सुटलं, वाडीचं नाव चिकटलं आणि लिहिणाऱ्याच्या इंग्रजी कानाप्रमाणे बदलत कॉनोव्हर झालं. कापलं कुणीच नाही, झिजलं. डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र सोन्यासारख्या: बाळाच्या आईचं माहेरचं नाव असतं, साक्षीला बऱ्याचदा आजी-आजोबा नाहीतर काका-मावश्या. इंग्रजी कागदांत बायको नुसती 'मेरी', कुणाची कोण ते देव जाणे.

आजोबा खूश होऊन गेले. गेल्या महिन्यात त्याच आडनावाच्या एक कृष्णवर्णीय बाई आल्या. डच शेतकऱ्यांकडे गुलाम होते, हे आजोबांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. न्यू जर्सीच्या १८०४ च्या कायद्यानं त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेली गुलामांची मुलं ठरावीक वयापर्यंत राबून मोकळी व्हायची, आणि मालकानं जन्माची नोंद काउंटीच्या कारकुनाकडे करायची. त्या नोंदींत मालकाचं आडनाव असतं. मुलाचं नुसतं नाव. आई सापडली तर तिचंही तेवढंच. बाप शोधायला आम्ही मृत्युपत्रं उघडली आहेत, जिथे माणसं गाईगुरांच्या यादीत येतात. पुढचे तीन शनिवार त्यांच्यासाठी राखून ठेवलेत, तेव्हा पाहुण्यांनो, मुक्काम रविवारी ठेवा.