आबांची जावा आणि १२ व्होल्ट

आबांच्या जावा मोटारसायकलला मॅट काळा रंग देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. राजवाड्याकडची आमची मंडळी मागे लागलीत, "भिया, सायलेन्सर काप, कॅफे रेसर कर!" म्हणजे रेसच्या गाडीसारखी सडसडीत. एक सिलेंडर आणि दोन सायलेन्सर, तेच कापले तर जावात उरलं काय? शिवाय जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून परतणारी दाबाची लहर बाहेर निसटणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. कसाही कापला तर गोंगाट वाढतो, ओढ जाते.

मी हात घातला तो वायरिंगला. मूळच्या ६ व्होल्टच्या डायनॅमोवर हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. आता १२ व्होल्ट, आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या (यांत्रिक स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. जावाचा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे मिळेल तो पार्ट घासूनपुसून वापरायचा.

किक आणि गिअरचा दांडा मात्र एकच, तसाच ठेवलाय. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, पुढे आणला की गिअर. भाचा अजून शिकतोय. काकूचं म्हणणं एवढंच, धूर अंगणात नको.