तुम्ही विचारलेत म्हणून: सुरुवात रुपयापासून

अर्थशास्त्राचे शिक्षण नसताना अर्थकारणावरची पुस्तके वाचता कशी, आणि नवख्या वाचकाने सुरुवात कुठून करावी, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात आहे.

पहिल्या वाचनात निम्मे पुस्तक माझ्या डोक्यावरून गेले. मग एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. रुपयाचा दर तेव्हा ब्रिटिश पेन्समध्ये सांगत, आणि २४० पेन्सचा एक पौंड होई. रुपया १६ पेन्सचा धरला तर पौंडाला १५ रुपये पडतात. तोच १८ पेन्सचा केला की १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे विलायतेत दहा पौंडांचा कापूस विकणाऱ्याच्या हाती १५० ऐवजी १३३ रुपये येणार, तिकडचे कापड इथे स्वस्त होणार, आणि लंडनला दरवर्षी पाठवायच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये मोजावे लागणार. दोन पेन्समध्ये एवढे सारे दडलेले होते. १९२६ साली हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सचा दर सुचवला, तेव्हा आयोगाचेच एक सदस्य, मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्ससाठी आपले वेगळे मत नोंदवले, ते उगाच नव्हे.

इथवर सरकार एका बाजूला आणि देश दुसऱ्या बाजूला, असे सोपे चित्र दिसते. आंबेडकर मात्र ते सोपे राहू देत नाहीत. रुपया उतरला की निर्यातदाराचे फावते, पण भाव चढतात त्या वेगाने मजुरी वाढत नसल्यामुळे तो लाभ देशातल्याच मजुराच्या पदरातून काढून घेतलेला असतो, असे ते दाखवतात. त्या परिच्छेदाच्या समासात मी पेन्सिलीने ‘फायदा कोणाचा?’ एवढेच लिहिले. हल्ली अर्थसंकल्पाचे भाषण वाचतानाही हात आपोआप समासाकडे जातो. (महाग रुपयाने गिरणीच बंद पडली तर मजुराने काय करायचे, ही माझी शंका अजून फिटलेली नाही.)

त्यांचा मूळ आक्षेप मात्र दरापेक्षा अधिकाराला होता. पूर्वी कोणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शके; १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या आणि रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर गेले. यातून उभी राहिलेली जी चलनव्यवस्था ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात उचलून धरली होती, तिच्यात या मर्जीला लगाम नाही, हे आंबेडकरांनी दहा वर्षांनी ठामपणे मांडले.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठावरचा कर रद्द करण्याबरोबरच रुपया १६ पेन्सवर आणण्याची मागणीही होती. मिठासाठी माणसे दांडीपर्यंत चालत गेली. रुपया मात्र १८ पेन्सलाच राहिला, आणि स्वराज्य आल्यावरही जून १९६६ मधल्या अवमूल्यनापर्यंत पौंडाशी त्याचे नाते तेच होते.